स्वर्ग जरा उंचच बांधला होता

नाही, मला एक सांगा, यात माझं काय चुकलं? जो तो मलाच बोलतोय! बरं, ते राहू द्या, आधी शेवट ओळखून दाखवा. दाखवाच! एक म्हातारा मेलाय, झोपाळ्याच्या फळीवर बसलाय, वर स्वर्ग, खाली नरक, फळीला दोर, आणि दोराचं दुसरं टोक माझ्या हातात. पोचला की पडला? काय म्हणता, पोचला? ह्यॅ! पडला? त्याहून ह्यॅ! बसा डोकं खाजवत, तोवर मी सांगतो...

तर तो मेलेला म्हातारा म्हणजे आमचे व्याही. खरे मेले नाहीत हो! चांगले धडधाकट आहेत, दोन माणसांचं जेवतात. मेले ते नाटकात. व्याह्यांची लॉन्ड्री आहे, मागे धुण्याचे हौद, मध्ये कपडे वाळवायची शेड, पुढे इस्त्रीची टेबलं. माझी एकुलती एक पोरगी त्यांच्या घरात दिलेली. आणि ही लॉन्ड्रीतली मंडळी दर वर्षी हॉल घेऊन नाटक करतात, आणि दर वर्षी मुख्य काम कुणाला? व्याह्यांना! राजा असला तर राजा व्याही, डाकू असला तर डाकू व्याही, एका वर्षी नाटकात मुख्य काम बाईचं होतं तर... जाऊ दे, ते आठवलं की मला उचकी लागते. ह्या वर्षी नायक निघाला पापी, वर मेलेला. तरी हे म्हणाले, "मीच करणार!" करा बाबा!

नाटक लिहिलं मास्तरांनी. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, लॉन्ड्रीत डाग काढायचं काम करतात ते. दिवसभर शाईचा डाग, तेलाचा डाग, गंजाचा डाग, घासून घासून बोटं पांढरी पडलीत माणसाची. त्यांच्या डोक्यात आलं, कपड्यावरचे डाग निघतात, मग माणसावरचे का निघू नयेत? बसले आणि लिहिलं! गोष्ट अशी, की एक कवडीचुंबक माणूस मरतो आणि खाली नरक, वर स्वर्ग, असा मधल्या मध्ये लटकतो. स्वर्गाच्या दारात दारवान उभा. दारवान कोण, तर मास्तर स्वतः, दाढी लावून. आणि दारवान म्हणतो, "ऐक रे जिवा! एक पाप खरं बोललास, तर एक हात वर! खोटं बोललास, तर एक हात खाली!" झालं. एवढंच नाटक. पापं बोलत बोलत वर जायचं, मध्ये एकदा खोटं बोलून खाली यायचं, लोकांनी हसायचं, शेवटी स्वर्गात पोचायचं, पडदा.

हे मी नाही हो ठरवलं! नाटकातच तसं होतं, मी काय करणार?

आता मला काम का दिलं ते सांगतो. संवाद मला देणार कोण? सही करताना माझी जीभ बाहेर येते, लिहिलेला कागद मी उलटा धरला तरी मला कळत नाही. पण दंड बघा! जन्मभर पोती उचलली आहेत. मास्तर म्हणाले, "आजोबा, तुम्ही दोर ओढा. कधी ओढायचा ते मी दोराला चिंध्या बांधून ठेवतो, पाप बोलले की एक चिंधी हातात येईपर्यंत ओढायचं." तीन पापं, तीन लाल चिंध्या. सोपं काम. व्याही मात्र म्हणाले, "मास्तर, ह्यांच्या हातात दोर? ह्या माणसानं लग्नाच्या दिवशी माझ्या चपला खिळे मारून फळीला ठोकल्या होत्या!" ठोकल्या होत्या, बरोबर आहे. काय उताणे पडले होते, वा! मी म्हटलं, "व्याही, चपलांची गोष्ट वेगळी, तुम्ही माझ्या पोरीचे सासरे, तुम्हाला मी पाडीन?" आणि हसलो. मी हसलो की लोकांना भरवसा वाटत नाही, ही माझ्या तोंडाची खोड आहे, त्याला मी काय करू!

पण थांबा, कोटाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही तुम्हाला.

माझी पोरगी त्या दुकानात इस्त्री करायची. अशी की शर्टाला हात लावायला भीती वाटावी. लोक येऊन सांगायचे, "सूनबाईंच्याच हातात द्या हं." मग एक दिवस एका वकिलाचा काळा कोट आला, आणि दुपारी त्या कोटाच्या पाठीवर हे एवढं भोक! इस्त्रीच्या आकाराचं! इस्त्रीच्या टेबलापाशी त्या दिवशी माणसं दोनच, पोरगी आणि व्याही. पोरगी जेवायला घरात गेली होती. परत येते तो व्याही सगळ्यांसमोर उभे, "सूनबाईनं जाळला! इस्त्री तशीच चालू ठेवून गेली!" झालं. त्या दिवसापासून पोरगी टेबलावरून उठली ती उठलीच. वर गिऱ्हाइकं काय म्हणायला लागली माहिताय? "कोट आहे हो, त्या सूनबाईकडे नका देऊ." पोरगी रडली नाही. माझ्यासमोर बसली आणि एवढंच म्हणाली, "बाबा, मी बटण बंद केलं होतं. ह्या हातानं केलं होतं."

आता बघा, माझा सगळा जन्म लोकांना थापा मारण्यात गेला. त्यामुळे खरं बोलणारा माणूस मला लगेच ओळखू येतो, वेगळाच आवाज असतो त्याचा. पण माझं ऐकणार कोण? मी काही बोललो की लोक आधी खिशात हात घालून बघतात, काही गेलं तर नाही ना! आणि व्याह्यांनी तर नवा इस्त्रीवाला ठरवूनही टाकला, नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो येणार. तो एकदा टेबलावर बसला की पोरगी जन्माची 'कोट जाळणारी' झाली. कळलं? हां. आता चला नाटकाला.

हॉल भरलेला. पहिल्या रांगेत विहीणबाई, शेजारी माझी पोरगी, मागच्या रांगेत तो वकील. स्वर्ग म्हणजे सगळा पांढराशुभ्र, चादरीच चादरी, आणि त्या चादरी कुणाच्या? गिऱ्हाइकांच्या! धुवायला आलेल्या! पडदा उघडल्या उघडल्या एक बाई ओरडली, "अगं बाई, ती डावीकडची माझी!" नरक म्हणजे कोटांना वाफ द्यायचं मशीन, खोक्यात लपवलेलं. नळीचं तोंड वर, त्याच्यावर फळी, फळीवर व्याही. वाफ अशी फुसफुसत होती, काय विचारू नका. व्याही माझ्याकडे बघून दबक्या आवाजात म्हणतात, "व्याही, नीट हं." मी म्हटलं, "अगदी नीट." आणि हसलो.

पहिलं पाप बोलले, ओढलं, चिंधी हातात आली. दुसरं पाप, दुसरी चिंधी. मग नाटकातलं खोटं बोलले, सोडलं खाली, बुडाला वाफ लागली, व्याही टुणकन उडाले, हॉल हसतोय! परत वर. तिसरं पाप, तिसरी चिंधी... आणि बघतो तर काय, चिंध्या संपल्या आणि स्वर्ग अजून वरच! हा एवढा वर! व्याही मधेच लटकलेले, ना इकडे ना तिकडे!

मला कोडंच पडलं. मग उजेड पडला डोक्यात. तालमी झाल्या त्या वाळवणाच्या शेडमध्ये, तिचं छप्पर डोक्याला लागतं. चिंध्या बांधल्या त्या शेडच्या मापानं. आणि सुतारानं स्वर्ग बांधला हॉलच्या मापानं! एवढी सगळी कपड्यांत वावरणारी माणसं, शर्टाची बाही धुऊन बोटभर आखूड झाली तर दिसते त्यांना, आणि स्वर्गाचं माप कुणी घेतलंच नाही!

मास्तर वरून वाकून बघतायत, दाढीतून घाम. व्याही पुटपुटतायत, "ओढा! अहो ओढा की!" आता ओढता आला असता का? आला असता. चिंध्या नाहीत म्हणून दोर काही संपला नव्हता. ओढणारच होतो, शपथ... पण माझी नजर गेली पहिल्या रांगेत. सगळा हॉल व्याह्यांकडे बघत होता, पोरगी एकटी माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती. नुसती बघत होती. आणि माझे हात थांबले. मी थांबवले नाहीत, थांबले.

मास्तरांना वाटलं, दोर अडलाय, काहीतरी बोलून वेळ काढावा. म्हणून गडगडाटी आवाजात म्हणाले, "जिवा! अजून पाप उरलंय वाटतं! दार अजून लांब आहे!"

घ्या! हे मी म्हटलं का? मास्तरांनीच म्हटलं. एक पाप खरं, एक हात वर. नाटकातच तसं होतं, मी काय करणार?

व्याह्यांना घाम फुटला. पाठ केलेली पापं तर संपली. म्हणाले, "मी... मी लहानपणी झाडावर चढून पेरू चोरले!" झाडावर? हे? ह्यांना स्टुलावर चढलं तरी गरगरतं, दिवा बदलायला सुनेला बोलावतात! खोटं! सोडलं एक हात खाली. वाफ! "आईऽ गं!" हॉल खो खो हसतोय. "मी... मी बायकोला एकदा उलटून बोललो!" पहिल्या रांगेतून विहीणबाई, "कधी? हिंमत होती का?" सोडलं अजून एक हात. आता फळीवर बसणं मुश्किल, व्याही दोरी धरून अर्धे उभे. मग मात्र ओरडले, "मी मिशा रंगवतो!" खरं! ओढलं वर. "एका गिऱ्हाइकाचा रेशमी शर्ट घालून मी लग्नाला जेवून आलो!" खरं! अजून वर. मागून कुणीतरी उठलं, "कुणाचा शर्ट? चौकटीचा होता का?" लोक पोट धरून हसतायत, टाळ्या पिटतायत, म्हणतायत, "पुढचं पाप! पुढचं पाप!" व्याहीही जरा खुलले हो, नट माणूस! टाळी मिळाली की विसरतात सगळं. पापं काय भराभरा निघाली, शेजाऱ्याची कपडे वाळवायची तार कापली, कामगाराच्या डब्यातलं खाल्लं, मी ओढतोय, ओढतोय, स्वर्ग आता हाताच्या अंतरावर. त्यांनी हात वर केला, मास्तरांनी खाली हात दिला...

आणि मी थांबलो.

विंगेतून हळूच म्हटलं, "व्याही... कोट."

तुम्हाला सांगतो, माणूस एवढ्या उंचावर एकदम पांढरा पडलेला मी पहिल्यांदा बघितला. चादरीत दिसेना! हॉल अजून हसतोय, त्यांना ऐकू गेलं नव्हतं. ऐकलं फक्त व्याह्यांनी. माझ्याकडे बघितलं. मी हसलो नाही. मला वाटतं, त्यालाच ते जास्त घाबरले. आणि तोंडातून निघून गेलं, मोठ्यानं, "कोट सूनबाईनं जाळला!"

सोडला. एक हात नाही, चांगला भसाभसा सोडला. थेट वाफेच्या तोंडावर!

कोट कुणाला माहीत नव्हता? सगळी गिऱ्हाइकंच बसलेली! मागे तो वकील उठून उभा राहिला. कुणी हसेना. नुसती वाफ फुसफुसतेय, आणि व्याही एकदा डावी बाजू वर करतायत, एकदा उजवी. दोर मी विंगेतल्या भिंतीच्या खुंटीला वेढा देऊन धरलेला, आणि ती खुंटी... आता हे मला एकट्यालाच दिसत होतं हो... ती खुंटी भिंतीतून हळूहळू बाहेर येत होती. कर्र... कर्र... ओढावं तर खुंटी निघते, तसंच ठेवावं तर व्याही शिजतात. म्हटलं, व्याही, बोला एकदा, बोला, नाहीतर दोघं मेलो!

"मी..." व्याह्यांचा आवाज एवढासा. "कोट... मी..."

आणि मास्तर! त्यांना अजून वाटतंय ह्यांचा अभिनय चाललाय! वरून ओरडतात, "मोठ्यानं बोल जिवा! दार जाड आहे!"

"मी जाळला!" व्याह्यांनी अशी आरोळी ठोकली, वरची धूळ पडली. "मीच जाळला! सूनबाई जेवायला गेली, मी तो कोट अंगात घातला! आरशासमोर उभा राहिलो, हात असा वर केला, म्हटलं, 'न्यायाधीश महाराज!' मग काढला तर पाठीला सुरकुत्या! त्या घालवायला इस्त्री चालू केली, पाठीवर टेकवली, बाहेर कुणीतरी हाक मारली, गेलो आणि विसरलो! तिनं बटण बंद केलं होतं! मी चालू केलं! मी! आता तरी ओढा हो!"

ओढलं! असं ओढलं म्हणता, सगळा जीव लावून, व्याही पार अर्ध्यावर आले... आणि खाडकन खुंटी निघाली.

फळी सुटली ना राव खाली! दोर माझ्या हातातून सळसळत चाललाय, चामडी सोलतोय, मुठी आवळल्या तरी चाललाय, पाय घसरतायत, मी विंगेतून ओढला जातोय स्टेजवर. लोकांना वाटलं नाटकच, टाळ्या! व्याही डोळे मिटून "मेलो मेलो" करतायत, लोक म्हणतात, "काय काम करतोय माणूस!" आणि माझी ताकद संपली. सांगतो खरं, संपली. आता सुटणार, म्हटलं...

तेवढ्यात माझ्या हातांच्या पुढं अजून दोन हात आले.

पोरगी! पहिल्या रांगेतून पायऱ्या न बघता स्टेजवर चढली, पदर खोचला, दोर धरला. बापाकडे बघितलंसुद्धा नाही. वर बघून म्हणाली, "मामंजी, दोरी घट्ट धरा. खाली बघू नका." आणि ओढायला लागली. ज्याच्यामुळे ती टेबलावरून उठली, त्याला ती ओढत होती! तिनं ओढायचं, मी मागं पाय रोवायचा, तिनं ओढायचं, मी रोवायचा, आणि हातभर, हातभर करत व्याही गेले वर. मास्तरांनी काखेत हात घालून त्यांना स्वर्गात ओतलं.

मग शेवटचं वाक्य होतं मास्तरांचं, "जिवा, तू सुटलास! आता काय हवंय तुला?" व्याह्यांनी म्हणायचं होतं, "काही नको." पण व्याही चादरीआडून खाली बघतात, तर विहीणबाई स्टेजच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभ्या. "उतरा. उतरा तर खाली, मग बघते कोट!" व्याही म्हणाले, "मला इथंच राहू द्या." पडदा! लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत. त्या वकिलानं वाजवल्या नाहीत. तो आत आला, पोरीसमोर उभा राहिला, म्हणाला, "बाई, मी चारचौघांत तुम्हाला नावं ठेवली. चुकलं माझं." बस. माझ्या डोळ्यांत वाफ गेली असावी.

दुसऱ्या दिवशी नवा इस्त्रीवाला आला, तो दारातूनच परत गेला. टेबलावर पोरगी. आणि काउंटरशी व्याही, उभे, येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या तोंडानं, "कोट मी जाळला होता हं, सूनबाईनं नाही." विहीणबाईंनी शिक्षा दिली म्हणतात. काही का असेना, म्हणतात तर खरं!

आता तुम्ही म्हणाल, मग तुम्ही कुरकुरता कशाला आजोबा, सगळं चांगलं झालं की! चांगलं? अहो, पोरगी माझ्यावर फुगली! मी म्हटलं, "तुझ्यासाठीच ना गं?" तर म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी थांबलात ते कळलं मला. पण ते पेरू म्हणाले, तेव्हा तुम्ही सोडलंत, हसत सोडलंत. तेही माझ्यासाठी? सुटला असता दोर तर मी काय केलं असतं? एका खोटेपणाच्या बदल्यात एक माणूस?" मी म्हटलं, "नाटकातच तसं होतं, मी..." तर म्हणाली, "पुरे." असं 'पुरे' तिची आई म्हणायची.

आणि निकाल काय दिला तिनं? माझे हात हे असे सोललेले, दोन्हीकडे पट्ट्या, चमचा धरवत नाही. व्याह्यांचं बूड भाजलेलं, खुर्चीला टेकवत नाही. पोरगी म्हणाली, "मामंजी, बाबांचे हात बरे होईपर्यंत दोन वेळचं तुम्ही भरवायचं. आणि बाबा, तुम्ही गुपचूप खायचं." आता तेव्हापासून रोज व्याही येतात. बसत नाहीत, उभ्यानंच डबा उघडतात, एक शब्द बोलत नाहीत, आणि घास करतात तो मुठीएवढा! मी तोंड उघडलं रे उघडलं की आत! "व्याही, त्या दिवशी ती फळी..." घास! "आरशासमोर तुम्ही नेमका हात..." घास! डोळ्यांत बघून कोंबतात हो, आणि त्यांच्या रंगवलेल्या मिशीत एवढंसं हसू! अख्ख्या जन्मात हाती लागलेली सगळ्यात भारी गोष्ट, सगळ्या जगाला सांगायला जीभ वळवळतेय, आणि तोंड कायम भरलेलं...

आले, आले बघा. नाही हो व्याही, काही नाही, हवापाण्याचं बोलत होतो मंडळींशी... अहो कोटाचा विषयसुद्धा... बरं. बरं बाबा. आऽऽ...